दुसऱ्याच्या नावानं सप्तशतीचा पाठ : बिनखांबी गणेशाजवळच्या गुरुजींकडचा अनुभव

आपलं माणूस पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात, आपण कोल्हापुरात, आणि त्याच्या नावानं देवीपुढं काहीतरी व्हावं असं आतून वाटतंय, अशी वेळ बहुतेक घरांवर कधी ना कधी येते. मग चौकशी सुरू होते. कुणाला सांगायचं, किती घेतात, घेतात तेवढं खरंच करतात का. माझ्या नणंदेच्या आजारपणात मी ही चौकशी केली आणि शेवटी दुर्गासप्तशतीचा, म्हणजे देवीच्या माहात्म्याचा, पाठ करणाऱ्या ज्या गुरुजींकडं गेले त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते. नाव आणि नंबर कुठं टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून टाकत नाही. महाद्वार रोडनं बिनखांबी गणेशापाशी आलात की तिथल्या फुलवाल्यांना "सप्तशतीचे गुरुजी" एवढं विचारा, बोळ दाखवतील.

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे, मंगळवार पेठेत राहते. दुसऱ्यासाठी देवाला साकडं घालणारी माणसं मी नोकरीभर वॉर्डात बघितली. कुणी जोतिबाचा गुलाल कागदाच्या पुडीतून आणायचं, कुणी बाबूजमालच्या दर्ग्यातला दोरा उशीखाली ठेवायचं. चर्चमधली माणसं बेडशेजारी उभी राहून हळू आवाजात प्रार्थना करायची आणि जाताना शेजारच्या पेशंटचं नाव विचारून त्याच्यासाठीही करायची. आपल्यासाठी कुणीतरी बसलंय हे कळल्यावर पेशंटला दोन घास जास्त जातात, रात्रीची झोप जरा बरी लागते, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यापुढचं देवीचं देवीला माहीत. म्हणूनच हे काम करणाऱ्यानं ते नीट करावं असा माझा आग्रह असतो. सलाइन लावताना हयगय चालत नाही, मग इथं का चालावी?

वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, पित्ताशयात खडे होते. त्यातला एक सरकून नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. पुण्यात आयसीयूत, तोंडानं काही नाही, पोटात कळा. माझ्या गुडघ्यांमुळं मला पुण्याला जाऊन राहणं जमणारं नव्हतं. भाची फोनवर म्हणाली, "मामी, तुम्ही अंबाबाईच्या गावात आहात, तेवढं तिथं काहीतरी करा." त्याआधी तिनंच घाईत एका ऑनलाइन सेवेवर पैसे भरले होते. तिथून व्हिडिओ आला. छान सजवलेला चौरंग, एक गुरुजी, मागं घंटा. दोनदा ऐकला, वन्संचं नाव कुठंच नव्हतं. "समस्त भक्तांच्या" असं एक वाक्य होतं, त्यातच सगळे. दुसऱ्या एका ठिकाणी मी स्वतः चौकशी केली, तर महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप, दोन गुरुजी, एका दिवसात, असा दर ऐकवला. तो मंत्र शांतपणे म्हणायला दहा सेकंद धरा. १,२५,००० जपाला साडेतीनशे तासांच्या आसपास लागतात. दोघांनी झोप न घेता बसायचं म्हटलं तरी आठवडा जाईल. कुणीही तुम्हाला जपाची किंवा आवर्तनांची संख्या सांगितली की घरी येऊन एवढा हिशेब जरूर करा. लघुरुद्र सांगितला तर रुद्राची १२१ आवर्तनं, म्हणजे ११ ब्राह्मणांनी प्रत्येकी ११. किती जण बसणार हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ह्या गुरुजींकडं पहिल्या दिवशी फक्त बोलणं होतं, पैसे घेत नाहीत. जुना वाडा, वरच्या मजल्यावर खोली, देवघर, एक लांब पाट आणि खिडकीत वह्यांची चळत. "बसा की वहिनी, आधी पाणी घ्या," म्हणाले आणि वही उघडली. नाव विचारलं, ते पूर्ण. माहेरचं नाव विचारलं. घरात हाक कशी मारतात तेही. नेमका आजार काय, कधीपासून, दवाखान्यात किती दिवस झाले, पुढं काय करणार आहेत, कुठल्या दिवशी. मी सांगितलं की दुर्बिणीतून खडा काढायचं ठरतंय, गुरुवारी बहुतेक. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पाठ बुधवारी ठेवू म्हणाले.

मग एक प्रश्न विचारला जो मला दुसऱ्या कुणीही विचारला नव्हता. "त्यांना माहीत आहे का तुम्ही पाठ सांगताय ते? त्यांची हरकत नाही ना?" ऑपरेशनच्या आधी पेशंटची सही घेण्यात माझा जन्म गेला, मला हा प्रश्न एकदम पटला. मी विचारलं, हरकत असेल तर? तर म्हणाले, मग पाठ तुमच्या नावानं करायचा, तुमच्या मनाला बळ मिळावं म्हणून, त्यांचं नाव घ्यायचं नाही. मी तिथनंच भाचीला फोन लावला. वन्संनी मान हलवून होकार दिला.

माझ्या आधी बसलेल्या एक मावशी शेजारच्या मुसलमान घरातल्या मुलाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. गोत्राचा प्रश्नच नव्हता. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे, तेच गुरुजींनी लिहिलं. त्या घरच्यांना विचारलंय का, एवढं मात्र त्या मावशींनाही विचारलंच.

कोल्हापुरात ह्या गोष्टीला फार वजन आहे आणि ते विसरून चालत नाही. १८९९ साली कार्तिक महिन्यात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना त्यांच्यासाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त (वेदांतले) नसून पुराणोक्त (पुराणांतले) आहेत हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ओळखलं. महाराजांनी विचारलं तर भटजींनी तुम्हाला वेदोक्ताचा अधिकार नाही असं सांगितलं. छत्रपतींसाठी ही तऱ्हा, तर बाकीच्यांची काय असेल. त्यातनं वेदोक्ताचं मोठं प्रकरण उभं राहिलं आणि पुढं १९२० मध्ये महाराजांनी मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढलं. आमचं घर मराठ्याचं. माझे सासरे हे प्रकरण तारखेवार सांगायचे आणि घरात कुठलंही कार्य असलं की मंत्र कोणते म्हणणार हे आधी विचारायचे. मीही विचारलं. गुरुजी म्हणाले, "पाठ एकच आहे वहिनी, माणूस बदलला म्हणून पाठ बदलत नाही." माझ्यासमोर त्या मावशींनाही त्यांनी तोच पाठ, तीच दक्षिणा सांगितली होती.

पाठाविषयी थोडं सांगते, कारण काय विकत घेतोय हे कळलं पाहिजे. सप्तशती म्हणजे ७०० मंत्र, १३ अध्याय. पहिला अध्याय प्रथम चरित्र, दुसरा ते चौथा मध्यम, पाचवा ते तेरावा उत्तर. आधी कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं. नीट म्हटलं तर अडीच-तीन तास लागतात. आजारपणासाठी बरेच जण संपुट पाठ सांगतात, म्हणजे प्रत्येक मंत्राच्या आधी आणि नंतर अकराव्या अध्यायातला रोग हरण करणारा मंत्र म्हणायचा. मी तोच मागितला होता, दक्षिणा जास्त असते हे माहीत असून. गुरुजींनीच नको सांगितलं. संपुटाला अख्खा दिवस जातो, घशाला थकवा आला की उच्चार ढिले पडतात, त्यापेक्षा साधा पाठ स्वच्छ होऊ दे. स्वतःहून कमी पैशाचं काम सुचवणारा माणूस मी ह्या व्यवसायात पहिल्यांदा बघितला.

बुधवारी सकाळी साडेसहाला गेले. संकल्पाच्या वेळी मला थोडी धाकधूक होती, त्याचं कारण सांगायलाच हवं. माझे मालक जाऊन काही वर्षं झाली. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, मला संकल्पापासून उठवलं होतं. "घरातल्या कुणा सवाष्णीला पाठवा" म्हणाले. दुसऱ्याच्या जिवासाठी आलेल्या बाईला असं उठवायचं, ते माझ्या काळजाला लागलं आणि अजून आहे. इथं गुरुजींनी पळी माझ्याच हातात दिली. शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, सगळं सावकाश म्हटलं. मग वन्संचं नाव, वडिलांचं नाव, गोत्र, पुण्यात दवाखान्यात आहेत हेही, रोगपरिहारासाठी आणि आयुरारोग्यासाठी असं म्हणून थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आता त्यांच्या वतीनं तुम्ही पाणी सोडा." मी ताम्हनात पाणी सोडलं. एवढा संकल्पच ते मोबाईलवर रेकॉर्ड करू देतात. पाठाचं रेकॉर्डिंग चालत नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.

मग कवच सुरू झालं आणि मी सावरून बसले. देवीकवच मी लहानपणापासून ऐकलंय, पण अर्थ कधी नीट कळला नव्हता. गुरुजींनी सुरू करायच्या आधी मराठीतनं थोडक्यात सांगितला. त्यात शरीराचा एकेक भाग घेऊन त्या त्या भागाची राखण देवीच्या एकेका रूपाकडं सोपवलेली आहे. शेंडीपासून सुरुवात. कपाळ, भुवयांच्या मधली जागा, डोळे, कान, गाल, मान, खांदे. हृदय ललितादेवीकडं, पोट शूलधारिणीकडं. कमर भगवतीकडं, गुडघे विंध्यवासिनीकडं. त्याहून आत जातं. रक्त, मज्जा, वसा, मांस, हाडं, मेद पार्वतीकडं. आतडी कालरात्रीकडं. आणि पित्त मुकुटेश्वरीकडं.

नवीन पेशंट आला की आम्ही डोक्यापासून पायापर्यंत तपासून केसपेपरवर उतरवत जायचो, काही सुटू नये म्हणून. हे अगदी तसंच आहे. ज्यानं हे रचलं त्याला आजारी शरीराची काळजी होती, कुठलाही अवयव राहून जाऊ नये अशी काळजी. पित्ताचं नाव आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं वन्संच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मी हात जोडून त्या एका ओळीपुरती देवीला म्हटलं, हे एवढं बघ बाई.

पाठ कसा म्हटला? घाई नाही, आवाज मोठा नाही, जोडाक्षरं स्वच्छ. आठव्या अध्यायात गुरुजींना ठसका लागला. पाणी प्यायले, आचमन केलं आणि अध्याय पहिल्यापासून घेतला. अध्याय मध्ये तोडायचा नाही असा नियम आहे, तुटला तर पुन्हा. खोलीत मी एकटी होते, आठवा तर रक्तबीजाचा, लांबलचक. अर्ध्यातनं पुढं नेला असता तर मला कळलंही नसतं. त्या माणसाला देवीपुढं खोटं पडायचं नव्हतं.

ओटीचं काम गुरुजींच्या घरातल्या काकू बघतात. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, बांगड्या, वेणी असं सगळं त्या आदल्या दिवशी आणून ठेवतात, किंवा आपण आणलेलं चालतं. बाहेरगावच्यांच्या नावानं त्या स्वतः रांगेत उभ्या राहून अंबाबाईला ओटी भरतात, ओळखीनं पुढं घुसत नाहीत. मी गावातलीच असल्यामुळं माझी ओटी माझ्याच हातात दिली. मी क्षणभर थांबले ते त्यांच्या लक्षात आलं. "वहिनी, आई आहे ती. लेकीच्या हातची ओटी आईला चालत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?" त्या माझ्याबरोबर महाद्वारापर्यंत चालत आल्या. गर्दी बेताची होती, दर्शन नीट झालं. सिंह मागं असलेली ती काळ्या पाषाणातली मूर्ती, हातात म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. मी लहानपणापासून बघत आलेय, त्या दिवशी वन्संच्या डोळ्यांनी बघितली.

एक गोष्ट गुरुजी आधीच स्पष्ट करतात: पाठ त्यांच्या घरच्या देवघरापुढं होतो. देवळात बसून करतो, गाभाऱ्यात तुमचं नाव पोचवतो, असलं काही सांगत नाहीत. देवळातल्या पूजा-अभिषेकाची चौकशी देवस्थानाकडंच करा म्हणतात. आणि निघताना मला, एका नर्सला, बजावलं, "डॉक्टर सांगतील ते औषध एकही चुकवायचं नाही, हे त्यांना कळवा." हे ते प्रत्येकाला सांगतात असं काकूंकडनं कळलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. अंगारा लावून इन्सुलिन बंद केलेले पेशंट मी बघितलेत, त्यातले काही परत घरी गेले नाहीत.

दक्षिणा एका पाठाची २,५०० रुपये, ओटीचं साहित्य वेगळं, जे लागेल ते. यूपीआय चालतं. पावती म्हणून वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवतात, त्यावर नाव, तिथी, कुठला पाठ, सगळं हातानं लिहिलेलं. प्रसाद कुरिअरनं जातो: कुंकू, खडीसाखर, सुकं खोबरं. ओलं काही पाठवत नाहीत. माझ्या वेळेला पुण्यात पोचायला चार दिवस लागले, पुडी फाटून कुंकू खोबऱ्याला लागलं होतं. पॅकिंगकडं लक्ष द्या असं मी काकूंना फोन करून सांगितलं. हवं तर बोळात कुरिअरवाले आहेत, डबी घेऊन आपणच पाठवा.

उणिवा आणखी आहेत. जिना लाकडी, उभा, अंधारा. माझ्यासारखे गुडघे असणाऱ्यांनी दोर धरून सावकाश चढावं, आणि वयस्कर माणसांना नेणार असाल तर आधी सांगा, खालच्या सोप्यात बोलायची सोय करतात. फोन सकाळी अकरापर्यंत उचलतच नाहीत, दवाखान्यातनं घाईची वेळ असेल तर फार अस्वस्थ व्हायला होतं. निदान काकूंनी तरी तो उचलावा. शुक्रवारी त्या भागात गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. किरणोत्सवाच्या दिवसांत (मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडतात तेव्हा), म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, संध्याकाळी सगळं कोल्हापूर महाद्वाराकडं लोटतं. तेव्हा सकाळची वेळ घ्या. नवरात्रात ते बाहेरचे पाठ घेत नाहीत, घरचंच अनुष्ठान असतं.

तारखेची हमी मागणाऱ्यांनी, किंवा "किती टक्के गुण येतो" विचारणाऱ्यांनी इथं जाऊ नये. माझ्यासमोर एकानं विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "मी मागणारा आहे, देणारा नाही," आणि वही मिटली.

गुरुवारी वन्संचा खडा निघाला. ते डॉक्टरांचं काम, त्याचं श्रेय त्यांना. बुधवारी रात्री मात्र भाचीनं संकल्पाचं रेकॉर्डिंग फोन कानाला लावून ऐकवलं. "मामी, आईनं तीनदा ऐकलं. माहेरचं नाव आलं तेव्हा रडली, मग झोपली." आठवड्याभरानं पेज सुरू झाली. आता घरी आहेत, तेल-तूप बंद, चालणं थोडंथोडं.

शेजारच्या बेडवर एक बाई होत्या, त्यांना भेटायला फारसं कुणी यायचं नाही. वन्संनी घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांच्यासाठी पाठ सांगायला लावला. भाचीनं दवाखान्यात जाऊन त्यांचं पूर्ण नाव आणलं, विचारूनही घेतलं. गोत्र त्यांना माहीत नव्हतं. येत्या अष्टमीचा दिवस मिळालाय, साडेसहाची वेळ. दक्षिणा वन्संनी स्वतः पाठवली आहे, आणि त्यांच्या वतीनं पाणी सोडायला मी जाणार आहे.